काचमास्तर आणि रावसाहेबांचे डोळे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घाचं जे राहून गेलं ते राहूनच गेलं. अक्षरही ओळ सोडून खाली उतरतं. ही वही मी कुणाला दाखवलेली नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं आधी माफ करावं आणि मग वाचावं. काचमास्तरांबद्दल लिहायचं आहे. काशीतल्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात त्यांच्याबद्दल जे बोलतात ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला ठाऊक आहे आणि ते मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

त्यांचं नाव दिनकर. फोटो काढायचे. तेव्हा फोटो काचेच्या पाटीवर उतरायचा, म्हणून गल्लीतल्या मुलांनी त्यांना काचमास्तर केलं. जर्मनीची लढाई नुकतीच संपली होती. मला चौदावं लागलं होतं आणि लग्न जमत नव्हतं. आईवडील नव्हते, मामांकडे होते. मामा याज्ञिक. देशावरून काशीला येणाऱ्या यजमानांना ते घरात उतरवून घ्यायचे. त्यातले निम्मे गंगा भरून परत जायचे. निम्मे परत जायला आलेलेच नसत. त्यांच्यासाठी खालच्या दोन खोल्या होत्या. त्या खोल्या भरलेल्या असल्या की बांबूवाला आमच्या दारापुढून जाताना जरा हळू चालायचा. मामी त्याला हाकलायची, "चल रे, पुढे हो! अभी कोई नहीं!" तो हसून पुढे जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हळू चालायचा.

मास्तर वर गच्चीलगतच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्यांची नखं औषधांनी तपकिरी झालेली, धुऊन निघत नसत. मामी म्हणायची, "या माणसाच्या हातचं पाणी प्यायचं म्हणजे आधी डोळे मिटायचे." ते म्हणायचे, "वहिनी, हात काळे आहेत म्हणून फोटो गोरे येतात." गल्लीत ते नेहमी सावलीच्या कडेनं चालायचे आणि ओठांत मोजत राहायचे, "एक गंगा, दोन गंगा, तीन गंगा." इतक्या गंगा होईपर्यंत कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं, मग लावायचं. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत माणसं उलटी दिसतात. त्यामुळे ते म्हणायचे, "सुलट माणसं मला लवकर ओळखू येत नाहीत हो. शीर्षासन करा, मग नाव सांगतो."

पोटासाठी ते मेलेल्यांचे फोटो काढायचे. यजमान गेला की घरचे बोलवायचे. गावी राहिलेल्यांना शेवटचं तोंड दिसावं, म्हणून. पण त्यांचा जीव होता तो दुपारच्या वर्गात. तीन मुलगे यायचे, चौदा ते सोळा वर्षांचे. मी त्या काचेच्या प्लेटा धुवायला पाणी वर न्यायची. चार दिवस कळशी ठेवून जिन्यात उभी राहिले. पाचव्या दिवशी मास्तर म्हणाले, "दुर्गे, जिन्यातून अर्धंच दिसतं. वर ये." मामीनं बरीच कुरकुर केली. मग स्वतः वाती वळायला घेऊन अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बसू लागली. आत लाल कागदाचा कंदील, दाराबाहेर मामीचं खोकणं, अशी माझी शाळा पुन्हा सुरू झाली.

एवढ्याशा मुलांना का शिकवता असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, "मोठ्यांना फोटो काढून हवा असतो. मुलांना काढायचा असतो."

पहिला महिनाभर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून तो गळ्यात बांधायला दिला. त्या भोकातून पाहायचं, आणि रोज एक गोष्ट पाहून आली पाहिजे. मुलगे गळ्यात पुठ्ठे घालून घाटावर फिरायचे तेव्हा नावाडी ओरडायचे, "अरे देखो, मराठों का नया जनेऊ!" विसू नावाचा एक होता. घनपाठ्यांचा मुलगा, जीभ सतत चालू. तो येऊन सांगायचा, "मास्तर, आज भोसले घाट पाहिला, एकदम बढिया." मास्तर म्हणायचे, "घाट तुझ्याआधी लाखांनी पाहिला. तू काय पाहिलंस? ज्याच्यापाशी पाय थांबले, पोटात हललं, ते सांग."

मग महिन्याला प्रत्येकी एक प्लेट मिळायची. लढाईमुळे प्लेटा महाग होत्या, एकच. विसूनं त्याच्या वडिलांचा फोटो काढला. पाठाला बसलेले, मान कलंडलेली, तोंड उघडं, झोपलेले. वडील काठी घेऊन गच्चीवर आले. "मास्तर, हेच शिकवता होय?" मास्तरांनी प्लेटीवरून कागदावर काढलेला छाप त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मी इतका म्हातारा झालो?" काठी तिथेच विसरून गेले.

छाप पाहिल्यावर मास्तर चांगला-वाईट असं कधी म्हणत नसत. एकच विचारायचे, "हे कुणी पाहिलं?" पाहिलेलं नसेल, नुसतं काढलेलं असेल, तर मुलाची मान आपोआप खाली जायची.

मी माझ्या प्लेटीवर खालच्या खोलीतली फळी घेतली. तिच्यावर चष्मे होते, पाच. गेलेल्या यजमानांचे. मामांना ते टाकवत नव्हते आणि कुणी मागतही नव्हतं. कुणी त्या फळीला हातही लावत नसे. ते पाच चष्मे दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. मास्तरांनी छाप उजेडात नेला. मग म्हणाले, "हे कुणी पाहिलं?"

मी मान खाली घातली.

"मान वर. पाहिलंस म्हणून तर आलंय. मोठ्यानं म्हण."

"मी," म्हटलं. एवढं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. मामीच्या वाती थांबल्या.

माझा हात बारीक कामाला स्थिर होता. म्हणून छापावरचे डाग, ओरखडे बुजवायचं काम ते मला द्यायचे, तीन केसांच्या कुंचल्यानं. एक अट होती. "डाग आपला असतो, तो बुजव. माणसाचं काही बुजवायचं नाही, काही काढायचं नाही. डोळे तर नाहीच." काशीतले दुसरे फोटोवाले मेलेल्यांचे डोळे उघडे करून द्यायचे. छापावर बुबुळं रंगवायची, मग त्या छापाचाच पुन्हा फोटो घ्यायचा. मग रंग कळत नाही, माणूस जागा दिसतो. लोक त्याचे जास्त पैसे देत. मास्तर नाही म्हणायचे आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे जायची.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत रावसाहेब आले. देशावरचे मोठे शेतकरी, सत्तरीचे. मूल नव्हतं. तिसरी बायको बरोबर होती, उमाताई, एकोणीस वर्षांची. ती त्यांचे पाय दाबता दाबता मला गाणी सांगायची. रावसाहेब दमेकरी होते, पण बोलणं खणखणीत. मामा-मामीसमोर दोनदा म्हणाले, "दत्तक घ्यायचा नाही मला. घर आणि मळा माझ्यामागं उमेचा." मागाहून त्यांचा पुतण्या बळवंतराव आला, आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन. फार गोड बोलायचा. मलासुद्धा अहोजाहो करायचा. त्याची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटली. तो कुणाकडे पाहायचा तेव्हा पापणी हलत नसे.

एका सकाळी मामा दुसऱ्या यजमानांबरोबर घाटावर गेले होते. उमाताईला मामी विश्वनाथाच्या दर्शनाला घेऊन गेली होती. रावसाहेबांनीच पाठवलं होतं तिला, माझ्या नावानं बेल वाहा म्हणून. मी गच्चीवर मास्तरांजवळ प्लेटा पुसत होते. बळवंतराव वर आला. "मास्तर, काका गेले. बायका येतील, कालवा होईल. त्याआधी एक फोटो घ्या."

आम्ही खाली गेलो. रावसाहेबांना तक्क्याला टेकवून बसवलं होतं. अंगावर शाल, डोक्याला पगडी, मांडीवर तो मुलगा. मुलगा रडत नव्हता. हलू नको म्हणून त्याला दम दिलेला असावा. मी जवळ जाऊन शाल सारखी केली. हात लागला. गार होते.

"गावी आत्या आहे," बळवंतराव म्हणाला, "भावाचे मिटलेले डोळे तिला पाहवणार नाहीत. उघडे करून द्या. शंभर देतो."

मास्तर नेहमीप्रमाणं नाही म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मुलाकडे पाहत होते. शंभर रुपयांत वर्गासाठी दुसरा कॅमेरा आला असता. तीन मुलगे आणि मी एकाच कॅमेऱ्यापुढे रांग लावायचो. ते कितीदा म्हणाले होते, मुलांच्या हातात त्यांचा स्वतःचा कॅमेरा पाहिजे. त्यांनी झाकण काढलं. "एक गंगा, दोन गंगा..."

बायका परत आल्या तेव्हा बळवंतराव दारातच रडत उभा होता. "काकू, आत्ताच गेले हो!" मणिकर्णिकेवर त्यानं अग्नी दिला तेव्हा आपल्या मुलाचा हात लाकडाला लावून घेतला. मामांनी ते पाहिलं, पण पोराची हौस समजून सोडून दिलं.

डोळे मी रंगवले. मास्तरांनी छाप दिला, शेजारी मूळ प्लेट ठेवली, म्हणजे पापणीची कड पाहून बुबुळ बसवता यावं. रावसाहेबांचे डोळे मला आठवत होते, घारे, जरासे चिडके. तसे उतरले. उतरल्यावर मला ते माझ्याकडे पाहतायत असं वाटलं, म्हणून मी छाप पालथा घातला. मूळ प्लेट मास्तरांच्या फळीवर परत ठेवायची होती. मला ती तिथे ठेववेना. त्या फळीवर आमच्या सगळ्यांच्या प्लेटा होत्या. मी ती जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि खाली चष्म्यांच्या मागे ठेवून दिली.

बळवंतराव छाप आणि त्या छापावरून घेतलेली नवी प्लेट घेऊन गेला. उमाताईला म्हणाला, "वर्षश्राद्ध होईपर्यंत इथेच राहा काकू, काशीवास घडेल." मामांना भरपूर दक्षिणा दिली. वर्गात दुसरा कॅमेरा आला. मुलगे नाचले. मास्तर त्याला हात लावत नव्हते, विसूनंच तो पुसून ठेवायचा.

दोन महिन्यांनी उमाताईच्या भावाचं पत्र आलं. मामांनी ओसरीवर वाचलं. बळवंतरावानं तिकडे दावा लावला होता, की रावसाहेबांनी काशीत मरणाआधी त्याच्या मुलाला दत्तक घेतलं. मांडीवर घेतल्याचा फोटो आहे. घर, मळा मुलाचा. बाईला पोटापुरतं मिळेल, तेही काशीतच राहिली तर.

उमाताई भिंतीला टेकली. मग मामीला म्हणाली, "मला बेल वाहायला पाठवलं आणि मागं हे केलं? मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणणार होते?"

घर जाईल याचं दुःख तिला होतंच. पण ती रात्रंदिवस बोलायची ते हेच. चार महिने पाय दाबून घेतले आणि शेवटच्या घटकेला फसवलं. रावसाहेबांच्या मासिक श्राद्धाला तिनं पान वाढलं आणि नमस्कार केला नाही. मी तिच्या शेजारी झोपायची. तिनं कूस बदलली की मला त्या घाऱ्या डोळ्यांची आठवण यायची.

मामा म्हणाले, "यजमानांच्या भांडणात आपण पडायचं नाही." मास्तर गच्चीवरून खाली येईनासे झाले. वर्गात मुलगे छाप दाखवायचे आणि ते नुसतं "हं" म्हणायचे. विसू म्हणाला, "मास्तर, आज विचारत का नाही कुणी पाहिलं ते?" तर त्याच्यावर ओरडले. पहिल्यांदाच.

मग बळवंतराव परत आला. तिकडच्या कोर्टानं मास्तरांची जबानी इथल्या कचेरीत घ्यायला सांगितली होती. बरोबर एक दांडगा माणूस होता. तो जिन्यात बसून सुपारी कातरत राहिला. बळवंतराव हात जोडूनच बोलत होता. "मास्तर, तुम्ही एवढंच सांगायचं, फोटो घेतला तेव्हा काका जागे होते. आणि हो, पहिली प्लेट कुठे आहे? वकील म्हणतात, ती आपल्यापाशी असलेली बरी."

"शोधतो," मास्तर म्हणाले.

"शोधा. मुलांचा वर्ग छान चाललाय. असाच चालू दे."

जिन्यातला अडकित्ता वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आम्हाला घाटावर घेऊन गेले. परत आलो तर गच्चीवर काचांचा सडा. फळी रिकामी. आमच्या दोन वर्षांच्या सगळ्या प्लेटा, विसूचे वडील, माझे पाच चष्मे, सगळं पायाखाली. मुलगे रडायला लागले. मास्तर मध्ये उभे होते. त्यांनी आम्हाला चेहरे पाहायला शिकवलं होतं, म्हणून मला दिसलं ते दिसलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. पुरावा गेला. आता ते काय करू शकणार होते? कचेरीत काहीही सांगितलं तरी कुणी त्यांना खोटं ठरवणार नव्हतं.

मुलगे गेल्यावर ते खाली बसून काचा वेचू लागले. मी खालून लुगड्याची घडी आणली.

"मास्तर, ती आहे."

"कुठली?"

मी घडी उलगडली. त्यांनी प्लेट घेतली, उजेडाकडे धरली. काचेत सगळं उलटं असतं. गोरं काळं दिसतं, काळं गोरं. रावसाहेबांचा काळा चेहरा आणि मिटलेल्या पापण्या. मास्तरांचे ओठ हलू लागले. मोजत होते. खाली दगडी फरशी होती, आधीच काचांनी भरलेली. त्यात आणखी एक पडली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी मोजलं नाही, पण एवढ्या वेळात काळोखातलासुद्धा फोटो उतरला असता.

"दुर्गे," ते म्हणाले, "हे कुणी पाहिलं?"

"मी," म्हटलं. "आणि तुम्ही."

ते उठले. प्लेट छातीशी धरून जिना उतरले, त्या सुपारीवाल्याच्या समोरून, आणि सरळ उमाताईपुढे जाऊन बसले. सगळं सांगितलं. रावसाहेब आधीच गेले होते, गार होते, मुलाला मागाहून बसवलं, पैसे घेतले, डोळे रंगवून दिले. मामी कपाळाला हात लावून उभी राहिली. मला वाटलं उमाताई आता घराचं विचारील, कोर्टाचं विचारील.

ती म्हणाली, "म्हणजे ते मला फसवून गेले नाहीत?"

"नाही."

मग ती रडली, विधवा झाल्यापासून पहिल्यांदा, रावसाहेबांसाठी.

कचेरीत काय झालं ते विसूनं सांगितलं. तो खिडकीला लोंबकळत होता. मास्तरांनी मूळ प्लेट टेबलावर ठेवली. बळवंतरावाच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही पैसे घेतलेत?" मास्तर म्हणाले, "घेतले. शंभर." "डोळे कुणी रंगवले?" "मी." वकील हसला, "हात तर फार बारीक दिसतो!" मास्तर म्हणाले, "माझ्या वर्गात कुंचला कुणाच्याही हातात असो, काढायला मीच सांगितलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आजवर ते कुणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहिते. ते डोळे माझे होते.

उमाताईचं घर आणि मळा राहिला. भाऊ तिला न्यायला आला. जाताना तिनं मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि ते मागे सरकले.

मास्तरांना तुरुंग झाला नाही, पण झालं ते त्याहून बरं नव्हतं. ज्यांच्या घरी त्यांनी काढलेले फोटो होते ते एकेक करून तसबिरी घेऊन यायला लागले. छातीशी धरून, पदराखाली झाकून. "मास्तर, खरं सांगा, आमच्या आईचं तोंड असंच होतं ना? तुम्ही काही केलं नाहीत ना?" ते प्रत्येकाला सांगायचे, काही केलं नाही. लोक मान हलवायचे आणि विश्वास न ठेवता जायचे. एक म्हातारी त्यांच्या दारात तसबीर ठेवूनच गेली. "आता याला हार घालू की नको ते मला कळत नाही," म्हणाली.

कुणी त्यांना बोलवेना. मुलग्यांच्या वडिलांनी मुलगे काढून घेतले. विसूच्या वडिलांनी सगळ्यात शेवटी. मामांनी मान खाली घालून जागा सोडायला सांगितली. बळवंतरावाचं पत्र आलं, काम झालं नाही, माझे शंभर परत करा. मामा म्हणाले, "फेका ते पत्र. असल्या माणसाला काय द्यायचं?" मास्तर म्हणाले, "त्या कामाचे घेतले होते. काम मी मोडलं. आता ठेवायचे कसे?" वर्गाचा कॅमेरा त्यांनी विकला, निम्म्या किमतीत गेला. ते पैसे धाडले. आपला मोठा विकला तो घरभाड्याच्या आणि औषधवाल्याच्या देण्यात गेला.

माझं लग्न त्याच वर्षी जमलं, काशीतच, भोसले घाटाच्या वरच्या अंगाला. मास्तर मला पुढची पाच वर्षं दिसले नाहीत. ऐकू यायचं की कुठल्याशा गल्लीत देवांच्या चित्रांना चौकटी बसवतात.

मग एकदा दिसले. मी धाकट्याला कडेवर घेऊन पोस्टात गेले होते. खिडकीशी ते उभे होते, वाळलेले, एका डोळ्यावर फूल पडलेलं. नखं स्वच्छ झाली होती. बाबू म्हणाला, "पंडितजी, फिर वही पता?" त्यांनी पदराची सोडावी तशी धोतराची गाठ सोडली. चार रुपये, काही सुटे, काळे पडलेले. बाबूनं एक नाणं झिजलं म्हणून परत सारलं. त्यांनी दुसरी गाठ सोडली आणि त्याच्या जागी दुसरं ठेवलं.

मी जवळ गेले. "मास्तर, मी दुर्गा."

त्यांनी मान तिरकी केली, बऱ्या डोळ्यानं मला पाहिलं, कडेवरच्या मुलाला पाहिलं. "उलटी उभी राहिली असतीस तर लगेच ओळखलं असतं," म्हणाले, आणि हसले नाहीत. मग विचारलं, "उमाबाई?"

"बरी आहे. मळा स्वतः करते. पत्र येतं."

बाबूनं शिक्का मारून पावती बाहेर सरकवली. मास्तरांनी ती डोळ्याजवळ नेऊन वाचली, आकडा, नाव, गाव. मग माझ्यापुढे धरली, मला वाचता येतं हे त्यांच्या लक्षात होतं.

"हे शेवटचे चार," ते म्हणाले. "बळवंतरावाचे शंभर पुरे झाले."